आधी लिनियरला विचार

पोरी, तुझा मायक्रो बिटेक्स रेडिओ हवेवर आला, ४० मीटरच्या बँडवर बेंगळुरू-हैदराबादची मंडळी तुझी कॉल साइन ओळखायला लागली, आणि आता त्याला लिनियर, म्हणजे पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, जोडायचं तुझ्या मनात आहे. जोड. शहरात एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्टच्या मोटारी बँडवर इतका गोंगाट करतात की १० वॅट कित्येकदा त्यात बुडून जातात. वळवाचे ढग जमले, विजांची कडकड सुरू झाली, की समोरच्याला तुझं निम्मं वाक्यच कळतं. अशा वेळी जास्त पॉवर हवीशी वाटणं रास्त आहे. पण रेडिओच्या अँटेनाची केबल काढून लिनियरच्या इनपुटला खोचली की झालं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. मला ज्यांनी हे शिकवलं ते एवढंच म्हणायचे, आधी लिनियरला विचार. तो किती घेतो, किती सोसतो, चालू व्हायला त्याला खूण कशी लागते, हे कळलं की मग रेडिओकडे वळायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि फायनल, म्हणजे शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर, जाळून बसतात.

कागद घे आणि तीन आकडे लिही. पहिला, लिनियरला पूर्ण पॉवर द्यायला किती वॅट ड्राइव्ह लागतो आणि जास्तीत जास्त किती चालतो. दुसरा, तुझा रेडिओ जास्तीत जास्त किती देतो. तू एरवी किती ठेवतेस तो आकडा इथे कामाचा नाही. बॅटरी ताजी भरलेली असताना, ज्या बँडवर सर्वांत जास्त पॉवर निघते त्या बँडवर, सगळं पूर्ण फिरवून मोजलेला आकडा लिही. मायक्रो बिटेक्स ८० आणि ४० मीटरवर १० वॅटच्या आसपास देतो आणि वरच्या बँडवर बराच खाली येतो. म्हणून १० मीटरवर मोजून समाधान मानलंस तर ४० मीटरवर घात होईल. तिसरा आकडा, लिनियरच्या रिलेच्या तारेवर किती व्होल्ट असतात. हे तीन आकडे कागदावर येईपर्यंत दोन्ही डबे शेजारी ठेव हवे तर, पण मधली केबल लावू नकोस.

तुझ्याकडे लिनियरची जी पाटी आहे, दोन आयआरएफ ५१० मॉसफेटची पुश-पुल जोडी, त्या घराण्याची एक जुनी आणि चोख रचना आहे. अमेरिकेतले माइक कॉसर यांनी ती ‘क्यूएसटी’ मासिकाच्या १९९९ च्या मार्च आणि एप्रिलच्या अंकांत दिली होती. २८ व्होल्टचा पुरवठा, १ वॅट ड्राइव्ह, आणि बाहेर ४० वॅटच्या वर. तेव्हापासून जगभरच्या हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, ती बनवली, आणि बाजारातल्या पुष्कळ किटांची रचना तिच्या जवळची आहे. तुझ्या किटच्या कागदात वेगळा आकडा असेल तर तोच खरा मान. पण हिशेब कसा करायचा ते मी हीच रचना धरून सांगतो. लिनियर मागतो १ वॅट. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेला तुझा रेडिओ देतो १०. म्हणजे गरजेच्या दहापट.

दहापट म्हणजे नेमकं काय ते वॅटमध्ये कळत नाही, व्होल्टमध्ये कळतं. ५० ओहमवर १० वॅट म्हणजे शिखराला ३१.६ व्होल्ट. आयआरएफ ५१० च्या गेटची हद्द आहे उणे-अधिक २० व्होल्ट, आणि त्यात तीन-चार व्होल्ट बायसने आधीच खाल्लेले असतात. इनपुटला ट्रान्सफॉर्मर असतो, तो हे व्होल्ट उतरवतो, हे खरं; चारास एक या प्रमाणाचा असेल तर व्होल्ट निम्मे होतात. तरीही त्याच्या भरवशावर राहू नकोस. गेटखालचा ऑक्साइडचा थर एकदा फुटला की पुन्हा सांधला जात नाही, आणि फुटताना ठिणगी दिसत नाही, वास येत नाही. बऱ्याचदा गेट आणि ड्रेन आतल्या आत जोडले जातात, मग २८ व्होल्ट उलटे बायसच्या सर्किटात शिरतात आणि शेजारचा मॉसफेटही जातो. एक अक्षर बोलायच्या आत दोन फायनल गेलेले असतात.

आता तू म्हणशील, रेडिओतला ड्राइव्हचा प्रीसेट कमी करते आणि एक वॅटवर आणते. नको. प्रीसेट थरथरीने सरकतो, धूळ बसली की मध्येच उघडा पडतो, कोणी तरी ‘पॉवर का कमी आहे’ म्हणून फिरवून ठेवतो. माइकचा आवाज कमी करणं हाही उपाय नाही. मोठ्याने हसलीस किंवा शिटी वाजवलीस की शिखर गाठलंच. आणि पुढे कधी तू १०० वॅटचा कारखान्यातला सेट घेतलास, तर त्याची पॉवर ५ वॅटवर ठेवून लिनियर चालवायचा मोह तर अजिबात नको. त्यातल्या काही सेटांत मोर्सची की दाबल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत, पॉवर आवरणारं एएलसी जागं होण्याआधी, पूर्ण पॉवरचा एक झटका बाहेर येतो. मीटरची सुई तो दाखवत नाही. गेटला मात्र तो पुरेसा असतो.

खरा उपाय एकच, मध्ये रेझिस्टरचा पॅड. त्यात फिरवायला काही नसतं, विसरायला काही नसतं, आणि रेडिओ कितीही जोरात ओरडला तरी लिनियरला ठरलेला दहावा भागच मिळतो. तुला १० डीबीचा पॅड लागेल. ग्रीक π (पाय) अक्षराच्या आकाराचा, म्हणजे दोन रेझिस्टर जमिनीला आणि एक मधून. पुस्तकी किमती येतात ९६ आणि ७१ ओहम, पण तशा दुकानात मिळत नाहीत. १००, ६८, १०० असे घे. पलीकडे ५० ओहम असताना इनपुटला ५० ओहमच्या अगदी जवळ दिसतात, आणि १० वॅट आत गेले की १ वॅटहून किंचित जास्त बाहेर येतात. एवढी अचूकता पुष्कळ झाली.

हे रेझिस्टर किती तापतील हा हिशेब कोणी करत नाही, म्हणून पॅड जळतात. १० वॅटपैकी ९ वॅट या तीन रेझिस्टरांतच जिरायचे आहेत, आणि ते सारखे वाटले जात नाहीत. रेडिओकडचा १०० ओहमचा रेझिस्टर एकटा ५ वॅट खातो. मधला ६८ ओहमचा सव्वातीन वॅटच्या वर. लिनियरकडच्याला जेमतेम अर्धा वॅट येतो. म्हणून पहिला असा कर, १ किलो-ओहमचे, २ वॅटचे दहा रेझिस्टर समांतर. झाले १०० ओहम आणि २० वॅट. मधल्याला ६८० ओहमचे तसेच दहा. शेवटच्याला १०० ओहमचा २ वॅटचा एकच चालतो. सगळे कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्म घे. सिमेंटच्या पांढऱ्या ठोकळ्यातले वायरवाउंड दुकानदार आग्रहाने देईल, कारण ते स्वस्तात जास्त वॅटचे मिळतात. पण आत तारेचं वेटोळं असतं आणि रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला ते कॉइलसारखं वागतं. पाय आखूड काप, तांब्याच्या पाटीवर पसर, मध्ये हवा खेळू दे, आणि पत्र्याच्या डबीत बसव.

इथे एक खूणगाठ बांध. हा पॅड दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मीटरही सारखंच दाखवेल, पण तापणारं टोक एकच आहे. डबीवर ‘रेडिओकडे’ असं पक्क्या शाईने लिही. उलटा लागला तर तो २ वॅटचा एकटा रेझिस्टर ५ वॅट खायला बसेल आणि एखाद्या लांबलेल्या गप्पांत जळून जाईल. मग रेडिओला ५० ओहम दिसणार नाहीत आणि लिनियरला किती जातंय ते कोणालाच ठाऊक नसेल.

पॅडचा दुसरा गुण मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. लिनियरचं इनपुट प्रत्येक बँडवर ५० ओहम असतंच असं नाही. १० मीटरला ते हमखास भलतीकडे जातं. मधे पॅड नसेल तर हा सगळा विजोडपणा रेडिओच्या फायनलना सोसावा लागतो. १० डीबीचा नीट बनवलेला पॅड मधे असला, की पलीकडे लिनियरचं इनपुट शॉर्ट झालं किंवा तुटलं तरी रेडिओला एसडब्ल्यूआर, म्हणजे या विजोडपणाचं माप, सव्वाच्या आसपासच दिसतो. परतणारी लाट जाताना १० डीबी गमावते, येताना पुन्हा १०. याच हिशेबाने ३ डीबीच्या पॅडमागे सर्वांत वाईट परिस्थितीत तीनपर्यंत एसडब्ल्यूआर दिसू शकतो. म्हणून लिनियर निवडताना माझं मत नेहमी जास्त गेनच्या, कमी ड्राइव्ह मागणाऱ्या लिनियरकडे झुकतं, कारण मग पॅडला जागा उरते.

पॅड बसवायचा कुठे, यावर पुष्कळ जण चुकतात. रेडिओच्या सॉकेटवर बाहेर लावला तर ऐकतानाही तो मधेच राहतो. येणारा सिग्नल दीड-पावणेदोन एस युनिट खाली जातो, आणि लिनियर बंद ठेवून नुसत्या रेडिओवर बोलायला गेलीस तर अँटेनाला १ वॅटच पोचतो. त्याची जागा लिनियरच्या आत, इनपुटच्या रिलेच्या पुढे आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी. रिले सुटलेला असताना रेडिओची वाट सरळ अँटेनाला गेली पाहिजे, पॅडला वळसा घालून. लिनियरचा पुरवठा बंद करून, वीज नसताना, मल्टीमीटरने ही सरळ वाट आधी तपास. वीज गेली तरी तुझा रेडिओ हवेवर राहिला पाहिजे. पूर-भूकंपात हॅमची गरज लागते तेव्हा वीज हमखास गेलेली असते.

रिलेच्या तारेचं आता सांगतो. बोलायचं बटण दाबलं की रेडिओने लिनियरला खूण द्यायची असते, आणि बहुतेक वेळा ती तार जमिनीला टेकवणं हीच खूण. या तारेवर किती व्होल्ट आहेत आणि टेकवल्यावर किती करंट वाहतो, हे मोजल्याशिवाय तिला रेडिओत नेऊ नकोस. तुझ्या नव्या पाटीवर १२ व्होल्टचा रिले असेल, तिथे फार भीती नाही. तरी रेडिओच्या आतल्या नाजूक ट्रान्झिस्टरवर किंवा आर्डुइनोच्या पिनवर तो ओढू नकोस. मध्ये एक स्वस्त ट्रान्झिस्टर घाल, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल, पट्ट्याची बाजू अधिक व्होल्टकडे. कॉइल सोडताना जो झटका मारते तो हाच डायोड थोपवतो. पण कोणा जुन्या हॅमच्या घरातून हीथकिटचा एसबी-२२० तुझ्याकडे आला, तर त्याच्या रिलेच्या तारेवर १०० व्होल्टहून जास्त असतात. ती तार आजच्या सेटच्या मागच्या सॉकेटमध्ये घातली की सेट गेला. तिथे मधला रिले किंवा त्यासाठीच केलेलं सर्किट लागतंच.

रिलेला वेळ लागतो हेही ध्यानात ठेव. दाबल्यापासून संपर्क बसेपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. तेवढ्यात पॉवर आली तर ठिणगीने संपर्क जळतात, आणि त्या क्षणी लिनियरला अँटेनाच नसते. क्रम असा हवा, आधी अँटेनाचा रिले, मग बायस, मग रेडिओची पॉवर, सोडताना उलटा. बोलताना हे आपोआप साधतं, फक्त बटण दाबून अर्धा श्वास थांबायची सवय लाव. मोर्सला मात्र सवयीवर विसंबून चालणार नाही, पहिला डिट, म्हणजे बिंदू, फार लवकर येतो. तुझ्या रेडिओचा मेंदू आर्डुइनो आहे आणि त्याचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे. रिलेची तार ओढल्यावर कॅरियर यायच्या आधी वीसेक मिलिसेकंदांचा उशीर त्यात घालून घे.

आता पहिल्यांदा वीज द्यायची वेळ. सामान कुठून घेतलंस त्यावर बरंच अवलंबून असतं. नकली आयआरएफ ५१० भरपूर फिरतात, वरचा छाप पुसून दुसरा मारलेले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा, पण ज्या दुकानदाराकडून आपली हॅम मंडळी वर्षानुवर्षं घेतात त्याचंच नाव विचारून जा, आणि दोन लागत असतील तर चार घे. फायनलच्या पाठीचा पत्रा म्हणजे ड्रेन असतो. तो हीटसिंकला थेट लागला की २८ व्होल्ट जमिनीला. अभ्रकाचा तुकडा, दोन्ही बाजूंना पेस्ट, स्क्रूला प्लास्टिकची टोपी, आणि घट्ट केल्यावर प्रत्येक फायनलचा पत्रा आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटर लावून खात्री. पत्र्याचं एखादं कुसळ अभ्रकातून आरपार जातं. मीटरशिवाय ते दिसत नाही.

आउटपुटला अँटेनाऐवजी डमी लोड लावल्याशिवाय वीज द्यायची नाही. तो घरी करता येतो. १ किलो-ओहमचे २ वॅटचे वीस रेझिस्टर समांतर, दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये. झाले ५० ओहम आणि ४० वॅट. झाकणाच्या डब्यात तेलात बुडवले तर थोडा वेळ जास्तही सोसतात. तेल औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घे. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं तेल घरात आणू नकोस, त्यात विषारी रसायनं असू शकतात.

रेडिओ अजून जोडलेला नाही, पण पॅड इनपुटला आहे, लोड आउटपुटला आहे. बायसचे दोन्ही प्रीसेट शून्याकडे फिरव, आणि ड्रेनचा पुरवठा न देता गेटवर मीटर लावून खरंच शून्याजवळ आहे का ते बघ. प्रीसेटची दिशा उलटी जोडलेली असणं फार नेहमीचं आहे. मग करंटला लगाम असलेल्या पुरवठ्यातून २८ व्होल्ट दे. एकेका फायनलचा बायस हळूहळू वाढव, आणि कागदात दिलेला करंट येताच थांब. हे करताना करंट अचानक उडी मारत असेल तर लिनियर स्वतःच गायला लागला आहे, म्हणजे ऑसिलेट होतोय. ताबडतोब बंद कर. इनपुट आणि आउटपुटच्या तारा शेजारी-शेजारी गेल्या असतील, जमिनीची तार लांब असेल, मधे पत्र्याची भिंत नसेल. कारण त्यातच सापडतं.

मग रेडिओ जोड. रेडिओ आणि लिनियर यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर ठेव आणि प्रत्येक बँडवर बघ. दीडच्या आत असेल तर पुढे जा. मधली केबल आरजी-५८ ची, आखूड. पॉवर मोजायला महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही. ५० ओहमच्या लोडवर १एन४१४८ डायोड आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून डिजिटल मीटरने व्होल्ट वाच, त्यात ०.६ मिळव, वर्ग कर, १०० ने भाग. १० व्होल्ट म्हणजे १ वॅट, ३१.६ म्हणजे १०. इथे १एन४००७ वापरू नकोस, तो एवढ्या फ्रिक्वेन्सीला पुरेसा जलद नाही. आणि ४० वॅटचं आउटपुट मोजताना डायोड थेट लावू नकोस. शिखराला ६३ व्होल्ट असतात, डायोडवर उलटे त्याच्या दुप्पट येतात, आणि १एन४१४८ ची हद्द १०० आहे. रेझिस्टरांनी व्होल्ट विभागून मग मोज.

लिनियरला जायचा ड्राइव्ह पॅडच्या पलीकडे, लिनियर तोडून, ५० ओहमवर एकदा मोजून घे. हिशेब बरोबर असला तरी मोज. एखादा रेझिस्टर ६८० ऐवजी ६८ चा निघाला तर हिशेबाला ते कळत नाही.

आउटपुटच्या फिल्टरबद्दल मी जास्त आग्रही आहे. रेडिओतला लो-पास फिल्टर रेडिओच्या हार्मोनिकना अडवतो, लिनियर स्वतःच्या नव्या तयार करतो. पुश-पुल जोडी सम हार्मोनिक बऱ्यापैकी दाबते, विषम तशाच राहतात. ७ मेगाहर्ट्झची तिसरी २१ वर पडते, म्हणजे दुसऱ्या हॅमच्या डोक्यावर, आणि १४ ची तिसरी ४२ वर, जिथे आपलं काही काम नाही. म्हणून लिनियरच्या पुढे, अँटेनाच्या आधी, प्रत्येक बँडचा स्वतंत्र फिल्टर हवा. कपॅसिटर सिल्व्हर मायका किंवा चांगल्या व्होल्टचे एनपीओ घे. साधे सिरॅमिक चकतीचे तापतात आणि सरकतात. आणि याच फिल्टरमुळे पुष्कळ फायनल मरतात, हेही ऐकून ठेव. रेडिओ १४ वर नेला आणि फिल्टरचं बटण ७ वर राहिलं, की लिनियरची सगळी पॉवर फिल्टरवर आपटून परत येते. बँड बदलताना आधी फिल्टर, मग रेडिओ. हाताला हाच क्रम लागू दे. जमलं तर रेडिओच्या आर्डुइनोकडूनच फिल्टरचे रिले बदलून घे, म्हणजे विसरायची सोयच राहणार नाही.

फ्यूजचा हिशेब सोपा. ४० वॅट बाहेर, कार्यक्षमता निम्मी धरली तर ८० वॅट आत, २८ व्होल्टवर तीन अँपिअरच्या जरा आत. चार अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालायचा नाही, कारण शोधायचं.

व्हॉल्व्हच्या लिनियरचं थोडक्यात सांगतो, कारण कोणी ना कोणी तुला जुना ८११ए चा डबा देऊ करेल. ग्राउंडेड ग्रिडचे हे लिनियर ५० ते १०० वॅट ड्राइव्ह मागतात. तुझ्या १० वॅटनी ते जेमतेम हलतील, आणि मग रेडिओतून जास्त पिळायची इच्छा होईल. तो जोड जमत नाही, सोडून दे. शिवाय त्यांच्या आत हजाराच्या वर व्होल्ट असतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, आणि ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असू शकतो. जमिनीला जोडलेल्या काठीने टेकवून रिकामा केल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही, आणि शिकलेला माणूस शेजारी नसताना झाकण उघडायचंच नाही. याच्या उलट टोकाला आजचे एलडीमॉस ट्रान्झिस्टर, बीएलएफ १८८ एक्सआर सारखे. ते थोड्याच वॅटांत शेकड्यांनी पॉवर देतात, आणि त्यांच्या गेटची सहनशक्ती आयआरएफच्या निम्मीच, दहा-अकरा व्होल्टच्या आसपास. पुढे कधी तिथे गेलीस तर पॅडचा हाच हिशेब दुप्पट काळजीने कर. आणि एफएमसाठी विकले जाणारे क्लास सी चे ठोकळे एसएसबीला लावू नकोस. त्यांतून आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनांवर पसरतो.

हवेवर जायच्या आधी दोन गोष्टी. तुझ्या परवान्यावर पॉवरची मर्यादा लिहिली आहे. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल दर्जाची मर्यादा वेगळी असते. आपल्या परवान्यावरचा आकडा वाच आणि त्याच्या आत राहा. दुसरी गोष्ट अँटेनाची. ४० मीटरच्या डायपोलला साधारण २० मीटर तार लागते, दोन्ही हात १० मीटरचे, आणि तिच्या टोकांना सर्वांत जास्त व्होल्ट असतात. १० वॅटला जी टोकं गच्चीच्या कठड्याला बांधून चाललं, ती ४० वॅटला माणसाच्या हाताबाहेर गेली पाहिजेत. गच्चीवर मुलं पतंग उडवतात, कपडे वाळत घालतात. पावसाळ्याआधी केबलचे जोड उघडून बघ. पाणी शिरलेल्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर रोज वेगळा दिसतो. आणि रोज लिनियर चालू करण्याआधी, तो बाजूला ठेवून नुसत्या रेडिओने एसडब्ल्यूआर बघ. दोनच्या वर असेल तर त्या दिवशी लिनियर बंद.

एक हिशेब मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो आधी सांगितला तर उत्साह जातो आणि न सांगितला तर फसवणूक होते. १० वॅटवरून ४० वॅट म्हणजे ६ डीबी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एकच एस युनिट. ते एक युनिट गोंगाटात बुडालेल्या आवाजाला वर काढतं, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. पण तुझा डायपोल आता जमिनीपासून सहा मीटरवर आहे आणि इमारतीच्या टाकीवरून तो बारावर नेता येतो, असं तूच सांगितलंस. ते काम आधी कर. त्यात फायनल जळत नाहीत, आणि ऐकायलाही तेवढाच फायदा होतो, जो लिनियर कधीच देत नाही.

आणि लिनियर पूर्ण झाला की त्याच्या वरच्या पत्र्यावर एक चिठ्ठी चिकटव. जास्तीत जास्त ड्राइव्ह किती, आत पॅड किती डीबीचा आहे, रिलेच्या तारेवर किती व्होल्ट, फ्यूज किती अँपिअरचा, आणि ‘आधी फिल्टर, मग रेडिओ’. एवढं लिहिल्याशिवाय तो लिनियर कुणालाही उसना देऊ नकोस.